गोल एलईडी हेडलाईट खड्ड्यांत मान टाकतो; क्लॅम्प बदलू की ब्रॅकेट बनवू?

गिरणाकाठ

राम राम मंडळी. गाडी २०१३ ची स्प्लेंडर. व्हायझर आणि जुना डूम (हेडलाईटचं कवच) काढून पावणेसहा इंची गोल एलईडी हेडलाईट बसवलाय. मागे पत्र्याचा डबा, दोन बाजूंना ८ मिमीचे बोल्ट. क्लॅम्प ऑनलाईन मागवले, ॲल्युमिनियमचे, दोन तुकड्यांचे, त्यावर ३५ ते ४३ मिमी लिहिलंय. शॉकअपचे पाईप त्याहून बारीक निघाले म्हणून सायकलची ट्यूब गुंडाळून आवळले.

आता अडचणी. चोपडा-यावल रस्त्याला थोडं अंतर गेलं की हेडलाईट खाली झुकतो. वर करून आवळला की पुन्हा तेच, आणि एका क्लॅम्पचे आटे आता सैल लागतायत. गाडी जागेवर चालू ठेवली की उजेड लुकलुकतो, रेस दिली की थांबतो. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की उजेड मंदावतो. वरून समोरचे सगळे डिपर मारतात.

क्लॅम्प बदलू की पट्टीचं ब्रॅकेट करून घेऊ? बोल्ट जाड करून फायदा होईल का? कापसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत हे नीट करायचंय, त्यांना मागे लाल दिवा नसतो.

चौफुली_फिटर

हाई काम बोल्टनं नई भो, क्लॅम्पनं शे. बोल्ट कितीही जाड घाल, हेडलाईट झुकणारच.

कारण बघ. दोन बाजूंचे दोन बोल्ट म्हणजे एक आस झाली आणि हेडलाईटचं वजन त्या आसेच्या पुढे लोंबतं. एलईडीच्या पाठीला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) असतो, त्यामुळे डब्यासकट सव्वा किलो धर, आणि वजनाचा मध्य आसेपुढे ६० मिमी. उभ्या गाडीवर हा पीळ जेमतेम ०.७ न्यूटन-मीटर. पण खड्ड्यात पाचपट हादरा बसला की साडेतीनच्या वर जातो, आणि तो प्रत्येक खड्ड्याला. त्याला अडवायला नुसतं घर्षण, आणि ते तू रबराच्या भरवशावर सोडलंयस. ट्यूब पहिल्या दिवशी घट्ट लागते. मग उन्हात दबून पातळ होते आणि बोल्टवरचा ताण निघून जातो. तू परत आवळतोस, ट्यूब आणखी दबते, शेवटी ॲल्युमिनियमचे आटे ओढले जातात. जिथे आटे सैल लागतायत तो क्लॅम्प आता टाकूनच दे.

आधी पाईपचं माप व्हर्नियरने घे. क्लॅम्प बसवायची जागा एकच, शॉकअपचे दोन्ही पाईप धरणाऱ्या वरच्या टी प्लेट आणि खालच्या टी यांच्या मध्ये. तिथला पाईप हलत नाही. खालच्या टीच्या खाली क्लॅम्प लावलेल्या गाड्या बघायला मिळतात. शॉकअप पूर्ण दबला की खालची नळी वर येऊन त्या क्लॅम्पवर आपटते.

पाईपच्या नेमक्या मापाचा क्लॅम्प मिळाला तर प्रश्नच मिटला. नाही मिळाला तर लेथवर ॲल्युमिनियमचं बुश (मधली फट भरणारी आखूड नळी) काढून घे. आतला व्यास पाईपइतका, बाहेरचा ३५ मिमी, उंची क्लॅम्पइतकी. ते करवतीने उभं चिरून दोन अर्धुकं कर, म्हणजे शॉकअप न काढता बसतं. दोन अर्धुकांमधली चीर क्लॅम्पच्या फटीसमोर आण. ओरखडे नकोत म्हणून पाईप आणि बुश यांच्यात अर्ध्या मिलिमीटरची रबरी पट्टी चालेल, त्याहून जाड नाही.

क्लॅम्प आवळून झाला की त्याच्या दोन तुकड्यांत १ ते २ मिमी फट दिसलीच पाहिजे. तोंडं भिडली असतील तर पाईपवर पकडच नाही, बोल्ट नुसते तुकड्यांना एकमेकांवर दाबतायत.

हे सगळं करूनही दोनच आधार ठेवलेस तर कधी ना कधी झुकेल. तिसरा आधार हवा: डब्याच्या तळाला ६ मिमीचा बोल्ट आणि तिथून खालच्या टीपर्यंत एक पट्टी. तळ आसेपासून ७० मिमी खाली असेल तर तोच साडेतीनचा पीळ पट्टीवर फक्त पाच-साडेपाच किलोचा जोर देतो. साधी पट्टी तो आयुष्यभर झेलेल. पट्टीत २० मिमी लांबीचा गाळा ठेव, त्यातून झोत वर-खाली करता येईल. खालच्या टीला मात्र नवीन भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंग तर अजिबात नाही. हॉर्न, केबलची कडी, जुनं ब्रॅकेट यांची भोकं आधीच असतात, त्यातलं एक वापर.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ (मजबुतीचा आकडा) कोरलेलं बघून घे. चकचकीत क्रोम बोल्टवर काहीच कोरलेलं नसतं, ते घेऊ नकोस. ॲल्युमिनियमच्या क्लॅम्पमध्ये ६ मिमीच्या बोल्टला ७-८ न्यूटन-मीटर पुरे. टॉर्क पाना नसेल तर दहाचा आखूड पाना घे आणि मनगटाच्या जोरावर थांब. खांदा लावलास की आटे गेले. क्लॅम्पच्या आट्यांना निळं लॉकटाईट (आटे सैल होऊ न देणारा डिंक), एक थेंब. जिथे मागून नट आहे तिथे नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला नट), आणि तो काढला की परत वापरायचा नाही.

एमआयडीसी_लेथ

वरचं बरोबर आहे, पण डब्याच्या बाजूच्या बोल्टांबद्दल कोणी बोललं नाही, आणि निम्मी थरथर तिथली असते. डब्याचा पत्रा जेमतेम १ मिमीचा. ८ मिमीचा बोल्ट त्याला थेट धरला तर भोकाभोवती पत्रा आधी डुगडुगतो, मग चिरतो. आतून २ मिमी जाड आणि ४० मिमी व्यासाची गोल चकती द्या. साधा वायसर तिथे पुरत नाही.

रबर घालायचंच असेल तर ते बुशच्या रूपात घालावं आणि आत स्टीलची नळी असावी. नळीची लांबी दाबलेल्या रबराइतकी: रबर १२ मिमी असेल तर नळी १०. बोल्ट आवळला की तो नळीवर जाऊन थांबतो, रबर ठरावीकच दबतं आणि बोल्टचा ताण स्टील-स्टीलमध्ये राहतो. मोटारसायकलच्या साईड कव्हरपासून टाकीपर्यंत कंपनी हेच करते. नळी न घालता नुसतं रबर दिलं की तुमची सायकलची ट्यूबच परत आली म्हणायची.

आता पट्टी. माझं मत सरळ लोखंडाचं आहे: ३ मिमी जाड, २५ मिमी रुंद एमएस पट्टी. ॲल्युमिनियमची ५ मिमी पट्टी हलकी आणि देखणी, पण भंगारातून किंवा दुकानातून आणलेली पट्टी कोणत्या जातीची आहे ते कळत नाही. काटकोनात वाकवली की बाहेरच्या अंगाला केसासारखी चीर जाते आणि थरथरीत तीच वाढत जाऊन एके दिवशी पट्टी त्या रेघेवर तुटते. लोखंड वाकेल, पण आधी दिसेल. वाकवतानाही तीक्ष्ण कोपरा नको, आतला गोलवा निदान पट्टीच्या जाडीइतका ठेवा. भोकाचा मध्य कडेपासून भोकाच्या दीडपट-दुप्पट अंतरावर. ड्रिलनंतर भोकाच्या कडा कानशीने मोडून घ्या, कारण चीर तिथूनच सुरू होते.

रंग द्या, पण बोल्टचं डोकं आणि नट बसतो तेवढी जागा मोकळी ठेवा. जाड पावडर कोटिंगवर आवळलेला बोल्ट काही दिवसांत आपोआप सैल होतो, थर दबतो म्हणून.

चौफुली_फिटर

ॲल्युमिनियमबद्दल थोडं वेगळं मत आहे. क्लॅम्प ॲल्युमिनियमचे चालतात, ते जाडजूड असतात. पट्टी मात्र लोखंडाचीच, हे कबूल.

वायरिंगवाला_भुसावळ

लुकलुकणं आणि हँडल वळवल्यावर मंदावणं ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं. इंजिन बंद, चावी चालू, लाईटचं बटण चालू करा. हेडलाईट लागला नाही तर तो बॅटरीवर नाहीच, मॅग्नेटोच्या (इंजिनवर वीज तयार करणाऱ्या भागाच्या) लाईट कॉईलवर थेट एसीवर चालतोय. जुन्या कम्यूटर गाड्यांत हेच असतं. साध्या बल्बची तार तापलेली राहते म्हणून त्याला फरक कळत नाही. एलईडीला प्रत्येक आवर्तनातला अर्धाच भाग मिळतो. कमी आरपीएमला ती उघडझाप डोळ्याला दिसते. रेस दिली की वेग वाढतो म्हणून दिसत नाही, एवढंच. दिव्यात दोष नाही.

दुसरं. क्लॅम्पखाली रबर, डब्याला रंग. म्हणजे हेडलाईटचा अर्थ (करंट परत जायची वाट) कुठून जातोय? बहुधा एखाद्या ओरखड्यातून पाईपला, तिथून स्टेअरिंगच्या छऱ्यांतून चेसिसला. हँडल वळलं की छरे जागा बदलतात आणि उजेड मंदावतो. तपासायला दिव्याच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक तात्पुरती वायर जोडा. हँडल वळवूनही उजेड स्थिर राहिला तर दोष अर्थचाच. तरीही मंदावला तर मानेजवळ एखादी वायर आतून तुटलीय, वरचं प्लास्टिक तेवढं शाबूत आहे. बोटांनी चाचपत जा, तुटलेल्या जागी वायर लुळी लागते.

आधी चावीची चाचणी करून सांगा, मग पुढचं.

गिरणाकाठ

इंजिन बंद असताना लागत नाही. अर्थची वायर जोडली तर हँडल कसंही फिरवलं तरी फरक पडत नाही. दिव्याच्या खोक्यावर ६० वॅट लिहिलंय. बॅटरी जुनीच, छोटी.

वायरिंगवाला_भुसावळ

मग अर्थची वायर कायमची करा. १ चौरस मिमी, दिव्यापासून थेट बॅटरी निगेटिव्हपर्यंत, मध्ये चेसिसवर भरवसा नको.

खोक्यावरच्या वॅटवर विश्वास ठेवू नका. मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून दिवा बॅटरीवर जोडून मोजा. २ अँपिअर आले तर पंचवीसेक वॅट. जुना बल्ब ३५ वॅटचा होता, पण त्याचा भार लाईट कॉईलवर होता. लुकलुक थांबवायला दिवा बॅटरीवर, म्हणजे डीसीवर, घेतला की तो सगळा चार्जिंग कॉईलवर येणार, आणि ती तेवढी दणकट नसते. म्हणून मोजमाप आधी, कापाकापी नंतर.

डीसीवर घ्यायचं तर असं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वितीच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज, तिथून १२ व्होल्टच्या चार पिनी रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) ३० नंबरला. ८५ अर्थला. ८६ ला चावीनंतरचा डीसी, हॉर्नच्या किंवा ब्रेक लाईटच्या फीडमधून. लाईटच्या वायरमधून ८६ ला घेऊ नका, तिथे एसी आहे, रिले खडखडत राहील. ८७ मधून निघालेली वायर हँडलच्या लाईट बटणाला, जिथे पूर्वी एसी येत होता तिथे. त्यामुळे बटण आणि अप्पर-डिपर पहिल्यासारखेच चालतात. काढलेल्या एसी वायरच्या टोकाला हीट श्रिंक चढवून ते बंद करा, उघडं टोक चेसिसला लागू देऊ नका. आणि वायरींच्या रंगावरून काही ठरवू नका. एवढ्या जुन्या गाडीत मधल्या कोणीतरी रंग बदललेले असतात. मीटरने बघूनच.

लक्षात ठेवा, या पद्धतीत टेल लॅम्प आणि मीटरचे बल्बही बॅटरीवर येतात. तेही एलईडी करून टाका.

जोडल्यावर इंजिन मध्यम रेसवर ठेवून, डिपर (जवळचा झोत) चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा. १३.२ च्या वर असेल तर चार्जिंग पुरतंय. १२.६ ला अडकलं तर बॅटरी रिकामी होत चाललीय. मग एक तर कमी वॅटचा दिवा, नाही तर कॉईलचा अर्थ सोडवून फुल वेव्ह रेग्युलेटर. ते काम कॉईल बांधणाऱ्याकडूनच करून घ्या.

पाण्याचं. वायरी डब्यात खालून घ्या, रबरी ग्रोमेटमधून, आणि आत शिरण्याआधी त्यांना खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरूनच गळून पडतं. डब्याच्या तळाला ५ मिमीचं एक भोक ठेवा. तिसऱ्या आधाराचा बोल्ट तळाला येणार आहे, त्याच्या शेजारी. जुन्या डूममध्ये मावणारे सगळे कपलर (वायरींचे जोड) या छोट्या डब्यात कोंबू नका: हीटसिंकच्या मागे बोटभर तरी हवा हवी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यात बंद डब्यात एलईडीचा ड्रायव्हर तापून उजेड आपोआप कमी करतो. लोक म्हणतात दिवा खराब निघाला. जास्तीचे कपलर टाकीखाली सरकवा.

रातराणी_१२५

समोरचे डिपर मारतात त्याचं उत्तर कोणी दिलं नाही. दिवा झुकतोय म्हणता, तर झोत खाली जायला हवा, मग लोकांना का खुपतो? म्हणजे एक तर तुम्ही वर करताना जास्तच वर करता, नाही तर दिव्याचा झोतच चुकीच्या देशाचा आहे.

काच नीट बघा. वर्तुळात ई आणि आकडा (युरोपच्या नियमांच्या मान्यतेची खूण) असेल तर जवळपास बाण शोधा. दिव्यासमोर उभं राहून तुमच्या उजवीकडे रोखलेला आडवा बाण म्हणजे डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी, आपल्यासाठी. दोन्हीकडे टोकं असलेला बाण दोन्हीकडे चालतो. नुसतं डॉट किंवा एसएई लिहिलेला दिवा अमेरिकेच्या रस्त्यांसाठी, आणि ऑनलाईन मिळणारे गोल एलईडी पुष्कळदा तेच.

काचेवर काहीच नसेल तर भिंत सांगेल. रात्री सपाट जागी गाडी भिंतीपासून ५ मीटरवर, सरळ. टायरमध्ये हवा बरोबर, गाडी स्टँडवर नाही, चालवणारा बसलेला. मागे रोज कोणी बसत असेल तर त्यालाही बसवा, कारण मागचे शॉकअप दबले की झोत वर जातो. जमिनीपासून दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूची आडवी रेघ मारा. डिपर लावा. उजेडाची वरची कड रेघेच्या ५ ते ७ सेंमी खाली हवी. युरोपच्या नियमांत मोटारसायकलच्या डिपरला अर्धा ते अडीच टक्के उतार चालतो. ५ मीटरवर ५ सेंमी म्हणजे एक टक्का.

आता त्या कडेचा आकार बघा. सरळ सपाट असेल तर ठीक. डावीकडे चढत असेल तर उत्तम, रस्त्याच्या कडेची बैलगाडी दिसते. उजवीकडे चढत असेल तर तो दिवा उजवीकडच्या वाहतुकीचा: तो कितीही खाली करा, समोरच्याच्या डोळ्यात एक पट्टा जाणारच, आणि आणखी खाली केला तर तुम्हालाच रस्ता दिसणार नाही. असा दिवा परत करा. आकाराला कडच नसेल, नुसता गोळा पसरत असेल, तर तो हेडलाईट नाही, शेतातल्या मोटारीवर लावायचा दिवा आहे.

कड एका बाजूला कललेली दिसली तर दिवा रिंगमध्ये फिरलाय. काचेवरचं वरच्या बाजूचं चिन्ह बरोबर माथ्यावर आणा.

नियमावली

एक आडवी नोंद. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीतले तपशील कंपनीने मुळात दिलेल्यांपेक्षा वेगळे होतील अशी गाडी बदलायची नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १८२ए, पोटकलम ४: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यात बाहेरून बसवलेले सुटे भागही येतात. मूळ डूम, व्हायझर आणि ब्रॅकेट भंगारात घालू नका.

एमआयडीसी_लेथ

खरं सांगायचं तर जुन्या डूममध्ये नवा रिफ्लेक्टर आणि चांगला ३५ वॅटचा बल्ब टाकला तर निम्म्या पैशात रस्ता दिसतो. पण गोलच हवा असेल तर वर सांगितलंय तसं करा.

चौफुली_फिटर

सगळं बसवून झाल्यावर एवढं बघ.

हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत. टाकी आणि डबा यांत १० मिमी तरी अंतर राहिलं पाहिजे, वायर कुठे ताणली किंवा स्टेअरिंगच्या ठोकळ्यात सापडली नाही पाहिजे. इंजिन जागेवर चालू ठेवून हेच परत कर. वळवताना रेस आपोआप वाढली तर ॲक्सिलरेटरची केबल डब्याने ओढली जातेय. हे सोडू नकोस, वळणावर गाडी अंगावर येते.

मग मडगार्ड. हेडलाईटच्या तळापासून मडगार्डच्या माथ्यापर्यंत अंतर मोज. पुढचा शॉकअप पूर्ण दबतो तेव्हा मडगार्ड शॉकअपच्या चालीइतकं वर येतं. कम्यूटर गाड्यांत ही चाल शंभर ते सव्वाशे मिमी. अंतर त्याहून २० मिमी जास्त हवं. तिसऱ्या आधाराची पट्टी याच जागेतून जाणार, त्यामुळे ती मागे टीला चिकटून ने, पुढे फुगवून नाही.

आवळताना क्रम: क्लॅम्प हाताने, बाजूचे बोल्ट हाताने, तिसरा आधार हाताने, भिंतीवर झोत जुळव, आणि मग क्लॅम्प, बाजू, तळ असं आवळत जा. आधी क्लॅम्प पक्के करून मग डबा ओढूनताणून बसवलास तर पत्र्यात कायमचा ताण राहतो.

प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या भागापर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेव. १०० किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली तरच पाना लाव. ज्याची रेघ सलग आहे त्याला हात लावू नकोस. उगाच हलवला तर लॉकटाईटची पकड सुटते.